पोळपाटावरचं उत्तर

खरं तर ही गोष्ट आमच्या घरात दोघींना ठाऊक असायला हवी. एकीलाच आहे — मला. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा मी ती घाईघाईने ओलांडून जाते. तुम्हाला म्हणून सांगते. पण स्वल्प, थोडं दमाने घ्या हं. मुद्द्यावर यायला मला वेळ लागेल.

मल्लेश्वरममधल्या आमच्या कानडी गल्लीत मला नावाने फार कुणी ओळखत नाही. मी 'मॅथ्स अक्का'. वर्षानुवर्षं घरी गणिताच्या शिकवण्या घेतल्या, अर्ध्या गल्लीची पोरं माझ्या सतरंजीवर बसून पास झाली. तोंडाने मी फटकळ. पोरं टरकून असायची, त्यांच्या आयांना तेच हवं असायचं. आता अशा बाईची स्वतःची मुलगी गणितात रखडली, तर लोक काय म्हणतील? मोठ्याने मी हे कधी विचारलं नाही. पण मनात होतंच की.

माझी मुक्ता हळू. ढ नव्हे — हळू. एकेक गणित घेऊन बसायची, आधी आकृती काढायची, मग त्या आकृतीला दारं-खिडक्या काढायची. मोठी झाल्यावर घरं बांधणार म्हणायची. उत्तर यायचं, पण तिच्या वेळेने. मला कुठला तेवढा धीर?

मग कोरोना आला. सतरंजी गुंडाळली गेली, शाळा लॅपटॉपमध्ये शिरली. मुक्ताची नववीची परीक्षा घरूनच. कॅमेऱ्यात चेहरा आणि हात दिसले पाहिजेत, पेपर कागदावर लिहायचा, वेळ संपली की फोटो काढून पाठवायचा. आमचं घर ते केवढं! स्वयंपाकघराच्या दारात टेबल, त्यावर लॅपटॉप, आणि लॅपटॉपच्या मागे ओट्याशी मी, चपात्या लाटत. मी कॅमेऱ्याला दिसत नव्हते. मुक्ताला दिसत होते. प्रश्नपत्रिका माझ्या फोनवरही आलेली होती.

आलं ना लक्षात? पोळपाटावर कोरडं पीठ पसरायचं, बोटाने उत्तर लिहायचं, पोळपाट तिच्याकडे जरासा कलता करायचा. हात फिरवला की सगळं साफ. तिने मागितलं नव्हतं बरं का. पहिल्यांदा तर तिने मान हलवली होती, नको म्हणून. मी डोळे वटारले. सगळेच करतायत गं, असंही नंतर समजावलं. शिकवणीत कुणी शेजाऱ्याच्या वहीत डोकावलं तर त्याला दाराबाहेर उभं करणारी बाई मी!

पण माझी चोरी एवढीच असती, तर मी ती केव्हाच हसत हसत सांगितली असती. त्या दिवसांत घरोघरी तेच चाललं होतं. माझं दुखणं वेगळं आहे. एका गणिताएवढं.

पाण्याची गोल टाकी, चौदा फूट आणि दहा फूट, किती पाणी मावेल? मुक्ताने आकृती काढली, आकडेमोड केली, उत्तर लिहिलं — १५४०. मी पोळपाटावर लिहिलं ६१६०. ती थांबली. पोळपाटाकडे बघितलं, कागदाकडे, पुन्हा पोळपाटाकडे. ओठ हलले तिचे. काहीतरी सांगायचं होतं तिला. मी आकड्याखाली जोरात रेघ ओढली — लिही! तिने स्वतःचं उत्तर खोडलं आणि माझं लिहिलं.

चौदा फूट हा टाकीचा व्यास होता. मी त्रिज्या धरून बसले होते. वाचायच्या आधीच सोडवायला घेऊ नका, असं पोरांना शंभरदा बजावणारी मी. हे मला कधी कळलं? सांगते — जरा थांबा.

निकालात त्या गणितावर लाल फुली आली. मुक्ता म्हणाली, "आई, पिठातलं मी नीट वाचलं नाही का गं?" माझं चुकलं असेल, हे तिच्या मनातही आलं नाही. आणि मी — जीभ कशी झडली नाही माझी — म्हणाले, "असेल. धांदरटच तू."

शाळा उघडल्यावर तिच्या मिसनी मला बोलावलं. वर्गात बसून दिलेल्या नव्या परीक्षेची उत्तरपत्रिका पुढे ठेवली. "हे बघा, खोडलेलं उत्तर बरोबर आहे, खाली लिहिलेलं चूक. प्रत्येक पानावर असंच. का करते ही असं?" मी तोंड वर करून म्हणाले, "लॉकडाऊनमुळे हो, मिस. सगळ्याच मुलांचं असं झालंय." त्या कानडीत "सरी," ठीक आहे, म्हणाल्या आणि उत्तरपत्रिका मिटली.

दहावीनंतर तिने आपणहून कॉमर्स घेतलं. घरं बांधायला गणित लागतं ना, मला नाही जमणार, म्हणाली. आता कॉलेजात आहे. गुणाची आहे हो पोर. माझे पाय सुजले तर न सांगता गरम पाणी आणून ठेवते. आई होती म्हणून मी नववी पास झाले, असं मैत्रिणींना सांगते. आणि साधं उप्पिट केलं तरी चमचा माझ्यापुढे धरते — बघ ना, मीठ बरोबर आहे?

काल संध्याकाळी तीच चपात्या लाटत होती. त्याच पोळपाटावर. एक लाटली — गोल, माझ्याहून गोल — आणि पोळपाट माझ्याकडे कलता करून म्हणाली, "आई, बरोबर आहे का गं?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. तिला बरं वाटलं. चपाती तिने तव्यावर टाकली.

उत्तर १५४० होतं. माझ्या मुक्ताचं बरोबर होतं. मला ते त्याच दिवशी कळलं होतं, पेपरचा फोटो काढायच्या आधी प्रश्न पुन्हा वाचला तेव्हा. पाच मिनिटं शिल्लक होती. पेन तिच्या हातात होतं.