दिवेलागणीचा भैरव

शास्त्रीय गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. सिंदी रेल्वे या गावात स्टेशनरोडवर माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. पंखे, मिक्सर, मोबाइलचे चार्जर, सगळं मिळतं. गाणं म्हणजे माझ्या लेखी लग्नाच्या वरातीतलं. तरीही गेली कित्येक वर्षं दिवे लागायच्या सुमाराला मी शटर अर्धं ओढतो आणि मागच्या गल्लीत प्रेमदासभाऊंकडे जाऊन बसतो. बायको विचारते, तिथं काय ठेवलंय रोज? चहा तरी बरा मिळतो म्हणावं, तर भाऊ साखर टाकायला विसरतात.

प्रेमदासभाऊ रेल्वेत केबिनमन होते. रुळांचे सांधे बदलायचे, सिग्नल पाडायचा, स्टेशनमास्तरशी फोनवर बोलायचं, असं सगळं आयुष्य त्यांनी त्या उंच खोलीत काढलं. तरुणपणी भीमगीतांच्या मंडळात पेटी वाजवायचे. तिथून ट्रान्झिस्टरवरच्या ख्यालगायकीचा नाद लागला तो सुटलाच नाही. शिकलेले काही नाहीत. रागाची नावं दहातली चार चुकायची. भीमपलासी मात्र कधी चुकला नाही. "नावातच भीम आहे, शेठ, कसा चुकन?" असं म्हणून स्वतःच हसायचे. मीराबाईवहिनींना हे गाणं सोसायचं नाही. "हा माणूस गाऊन राह्यला का त्याचं पोट दुखून राह्यलं?" असं त्या स्वयंपाकघरातून विचारायच्या, आणि मी त्यांच्या बाजूने असायचो.

भाऊंना जे आलं नाही ते त्यांनी पोरीला दिलं. दर रविवारी नंदिनीला पॅसेंजरने वर्ध्याला गाण्याच्या क्लासला न्यायचे, बाहेरच्या पायरीवर बसून राहायचे आणि परत आणायचे. एकदा संध्याकाळी कोणी रेल्वेचे साहेब घरी आले होते. मीही होतो. भाऊ मोठ्या ऐटीत म्हणाले, "नंदू, सायबाले भैरव म्हणून दाखव." दहा वर्षांची पोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाबा, तो सकाळचा आहे. दिवे लागल्यावर भैरव म्हणत असते का कोणी? मी नाई म्हणत." साहेब आले तसे गेले. भाऊंना राग यावा की नाही? ते पुढचा महिनाभर सगळ्या गावाला सांगत सुटले, "पोरगी सायबाले नाई भ्याली, पण रागाले भेते!"

ती नंदिनी आता हैदराबादला बँकेत आहे. नवरा नोकरीत, दोन मुलं शाळेत. गाणं केव्हाच सुटलं. तिचा तानपुरा भाऊंच्या खोलीत कोपऱ्यात उभा आहे, वहिनींच्या जुन्या लुगड्याची खोळ घालून.

चार वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी नंदिनी माझ्या दुकानात आली आणि एक छोटा स्पीकर घेऊन गेली. आपला जुना मोबाइल तिने बापाला दिला आणि त्यात इंटरनेटवरचा एक रेडिओ लावून दिला. चोवीस तास शास्त्रीय गाणं, मध्ये जाहिरात नाही की बातम्या नाहीत. बापाला म्हणाली, "रोज दिवेलागणीला मी फोन करीन. तिकडे मी हाच रेडिओ लावीन, इकडे तुम्ही लावा. दोघं मिळून ऐकू." भाऊंचा बोलायचा फोन वेगळा होता, बटणांचा. कान जरा मंद म्हणून त्याचा आवाज पूर्ण वाढवलेला. शेजारच्या माणसाला पलीकडचं सगळं ऐकू यायचं.

सुरुवातीला दोघांचं मस्त जमलं. बाप-लेक रागावरून भांडायचे. "पूरिया आहे बाबा, मारवा नाही." "तू राहू दे, मारवा आहे." समेवर दोघं एकदम "वा" म्हणायचे आणि मी उगीच मान हलवायचो. एक अडचण मात्र होती. हैदराबादचा रेडिओ सिंदीच्या मागे चालायचा. इकडे सम येऊन जायची, तेव्हा फोनमधून तिकडचं गाणं ऐकू येई ते अजून समेच्या अलीकडेच असे. मी समजावलं, इंटरनेटवर असं होतंच, कोणाकडे दोन सेकंद उशिरा पोचतं. भाऊंनी ते आपल्या पद्धतीनं समजून घेतलं. "म्हणजे तिची गाडी लेट आहे." पण एकाच कानात दोन गाणी त्यांना चालेनात. त्यांनीच तिला सांगितलं, "तू कानात घालून ऐकत जाय, बाई. मी फोनवर हात धरतो." केबिनमध्ये गाडी धडधडत जाताना फोनच्या तोंडाशी पंजा धरायची त्यांची सवय होतीच. तेव्हापासून ते पंजा धरून ऐकायचे, समेवर पंजा काढून "वा" म्हणायचे आणि पुन्हा धरायचे. थोड्या वेळाने तिकडून तिचा "वा" यायचा. लवकर आला की भाऊ मला बोटाने खूण करायचे. "राइट टाइम."

उशिरा आला तरी त्यांना काही वाटत नसे. गाडी लेट असते, येते.

गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मी पोचलो तेव्हा तिचा फोन नुकताच आला होता. भाऊंनी पंजा धरलेला, पण स्पीकर मुका. मोबाइल त्यांनी माझ्याकडे सरकवला. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी होत्या. हा रेडिओ आज सकाळपासून कायमचा बंद करण्यात आला आहे, आजवर ऐकणाऱ्यांचे आभार. मी हळूच सांगितलं. भाऊंचं तोंड उतरलं. तिला सांगावं म्हणून त्यांनी पंजा काढला, घसा खाकरला, आणि ते काही बोलणार तेवढ्यात फोनमधून नंदिनीचा आवाज आला.

"वा! काय जागा घेतली, बाबा!"

भाऊ माझ्याकडे बघत राहिले. खोलीत पंख्याशिवाय कशाचाही आवाज नव्हता.

"कोणता राग वाटते तुले, नंदू?" त्यांनी विचारलं.

"मारवाच ना? तुम्हीच सांगा, तुमचा कान पक्का." तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली. एक पोरगं कसलंसं स्पेलिंग विचारत होतं.

"हो," भाऊ म्हणाले. "मारवा."

मग नेहमीसारखंच सगळं झालं. गोळी घेतली ना, जेवण वेळेवर करा, उद्या करते. फोन बंद झाला.

"तिच्याकडं चालू असन," भाऊ म्हणाले. "हैदराबाद मोठं शहर आहे. आपल्याच लाइनीवर बंद असन."

"नाही भाऊ," मी म्हणालो. "हा बंद झाला तो सगळ्या दुनियेत बंद झाला."

त्यांनी मोबाइल टेबलावर पालथा घातला. मग विचारलं, "कधीपासून असन, शेठ?"

 ते एकेक आठवत गेले. हिवाळ्यात तिचा "वा" फार उशिरा यायचा. पोरांच्या परीक्षा होत्या तेव्हा कधीकधी यायचाच नाही. "म्या म्हटलं नेट खराब आहे," ते म्हणाले. "लेट गाडीची माणूस वाट पाह्यते, शेठ. थे सुटलीच नाई असं कोणाच्या मनात येते का?"

मला संताप आला. माझा स्वभाव तसा आहे, पटकन भडकतो. मी माझा फोन काढला, म्हणालो, आत्ता विचारतो तिला, बापाला असं फसवतात का. भाऊंनी माझं मनगट धरलं. केबिनमधले लिव्हर ओढून घट्ट झालेला हात, सुटता सुटेना.

"काय विचारान तिले? दिवसभर ब्यांकेत राबते. घरी आली का पोरं, स्वैपाक. त्याच्यातून मले रोज फोन करते. रेडिओ बंद झाला म्हटलं तं तिले समजन का मले समजलं. मंग कोण्या तोंडानं फोन करन थे? एकदा लाजली का फोन बंद होईन, शेठ. मले तेवढाच आहे."

"मग मी दुसरा रेडिओ लावून देतो. तिला सांगूच नका. तुम्ही आपले ऐका."

"मी एकटा ऐकून काय करू?"

इतकी वर्षं मी समजत होतो की या माणसाला गाण्याचं वेड आहे. गाण्याचं होतंच. पण आता ते पोरीशिवाय त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं, आणि हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशीपासून ते नाटक सुरू झालं. फोन वाजला की भाऊ कानाला लावायचे, पंजा धरायचे आणि डोळे मिटायचे. स्पीकर मुका. गुडघ्यावर बोटं चालायची. मनातल्या मनात कुठली तरी जुनी बंदिश म्हणत असावेत. सम आली की पंजा काढून "वा". तिकडून "वा". पूर्ण उन्हाळा, पूर्ण पावसाळा. मी समोर बसून राहायचो, उठून जावं असं वाटेना. रेडिओच नव्हता, त्यामुळे तिचा "वा" आता केव्हाही आला तरी लेट म्हणता येत नसे. भाऊंनी बोटाची ती खूण मात्र पुन्हा कधी केली नाही.

दसऱ्याला नंदिनी दीक्षाभूमीला जायचं म्हणून मुलांना घेऊन येणार होती. चार दिवस राहणार. भाऊंची झोप उडाली. मला म्हणाले, "तिनं म्हटलं लावा रेडिओ, तं काय करू?" पोरगी खोटी पडेल याचीच त्यांना धास्ती. मग मी मोबाइलमध्ये तासाभराचं गाणं भरून दिलं. बटण दाबलं की रेडिओच वाजतोय असं वाटावं. भाऊंनी दहा वेळा दाबून पाहिलं. स्पीकर पुसला, टेबलावर मधोमध ठेवला. तानपुऱ्याची खोळ काढून धुतली आणि पुन्हा घातली.

नंदिनी आली. वाळली होती, डोळ्यांखाली काळं. मला वाकून जयभीम केला, काकूंची चौकशी केली. पोरगी गुणाचीच आहे, मला तिचा राग धरून ठेवता आला नाही. पहिल्या संध्याकाळी मी मुद्दाम गेलो. दिवे लागले. भाऊ टेबलापाशी खुर्ची ओढून बसले होते, हात बटणाजवळ. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि ते तिच्याकडे. भीती होती ती विचारेल याची. पण त्या चेहऱ्यावर भीती नव्हतीच. तिने विचारावं म्हणून तो माणूस डोळ्यांत प्राण आणून बसला होता.

नंदिनी मोबाइल बघत उठली. स्पीकरची वायर बोर्डातून काढली, त्याच जागी आपला फोन चार्जिंगला लावला आणि म्हणाली, "बाबा, मी जरा पडते. पाठ दुखून राह्यली."

"पड, बाई," भाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नागपूर झालं. तिसऱ्या दिवशी ती मुलांना हिंगणीकडे धरण दाखवायला घेऊन गेली. चौथ्या दिवशी रात्रीच्या गाडीत बसली. चारही संध्याकाळी तिने रेडिओचं नाव काढलं नाही. गाडी सुटताना खिडकीतून मात्र म्हणाली, "उद्यापासून फोन करते बाबा, आपल्या वेळेला. लावून ठेवा."

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा भाऊ फोन मांडीवर घेऊन बसले होते. स्पीकरची वायर अजून तशीच निघालेली होती. मला म्हणाले, "आज पाह्यतो, शेठ." काय पाहणार ते सांगितलं नाही.

फोन वाजला. "लावला का, बाबा?"

"लावला."

"काय लागलंय आज?"

बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले होते. शेजारच्या घरातून फोडणीचा वास येत होता. भाऊंनी एकदा तानपुऱ्याकडे पाहिलं.

"भैरव," ते म्हणाले.

माझ्यासारख्या अडाण्यालाही कळलं. मी फोनकडे कान लावला. म्हणेल आता. कमरेवर हात ठेवून म्हणेल, बाबा, दिवे लागल्यावर भैरव? तिने एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. तिकडे भांडी वाजली, नळ सुरू झाला, बंद झाला.

"वा," नंदिनी म्हणाली. "छानच."

भाऊंनी फोनच्या तोंडाशी पंजा धरला. स्पीकर मुका होता, पंखाही बंद होता. तो पंजा तसाच घट्ट दाबून ते रडले, तिकडे ऐकू जाऊ नये म्हणून.