मनीषाची लाल टू-सीटर

माझी बायको गेली तेव्हा तिच्या नखांत ग्रीस होतं.

हॉस्पिटलमधल्या सिस्टर स्पिरिटचा बोळा घेऊन पुसायला लागल्या. मी म्हटलं, "राहू द्या. तिचंच आहे ते."

आज मनीषाला जाऊन वर्ष झालं.

त्या दिवशी रविवार होता. पोहे खाऊन ती खाली पार्किंगमध्ये गेली आणि थोड्या वेळाने वॉचमन धावत वर आला. हार्ट अटॅक. त्याबद्दल आणखी लिहीत नाही.

लिहायचंय ते गाडीबद्दल. गाडी वगळून मनीषाबद्दल लिहिलं तर तिनेच मला ब्लॉक केलं असतं.

नवीन पनवेलमधली आमची अख्खी सोसायटी एसयूव्ही घेत होती, तेव्हा हिने उलव्याच्या एका यार्डातून जुनी स्पोर्ट्स कार उचलून आणली. दोन दारं, दोन सीट. बांधकामाची धूळ इतकी बसलेली की रंग लाल आहे हे धुतल्यावर कळलं.

माझी आई गॅलरीतून बघत होती.
"घरात माणसं तीन नि गाडीत शिटा दोन. छान हिशेब आहे बँकेतल्या बाईंचा."

हो, मनीषा बँकेत होती. आठवडाभर कडक इस्त्रीची साडी. रविवारी माझी फाटकी ट्रॅकपँट.

गाडी गॅरेजला द्यायची नाही, हा तिचा हट्ट. व्हिडिओ बघून, चुकून, हात भाजून घेऊन शिकली. ब्रेक तिने उघडले. सीटचं उसवलेलं लेदर तिने शिवलं. आपल्याकडच्या दमट हवेत खालचा पत्रा गंजतो, तर गाडीखाली आडवी पडून तो घासला, प्रायमर मारला, रंग दिला.

मी काय करायचो?
टॉर्च धरायचो. तोही नको तिथे.

बाईंची कामाची पद्धत एकदम घरगुती. काढलेले बोल्ट ती जेवणाच्या ताटात मांडायची. पान वाढतात तसे.

इंजिनाच्या डाव्या बाजूचे बोल्ट ताटात डावीकडे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, या क्रमाने. उजव्या बाजूचे भाजी-आमटीच्या जागी. मधला मोठा नट म्हणजे भात.

"माझ्या रुखवतातली ताटं आहेत गं ती!" आईचा जीव जळायचा.

पण चहा घेऊन खाली यायची आणि खुर्ची टाकून बसायची. बसली की चुका काढायची.
"चटणीच्या जागी मघाशी दोन होते. आता एकच कसा?"
मनीषा वाकून शोधायची. एक बोल्ट खरंच टायरमागे घरंगळलेला असायचा.

ती गेली त्या दिवशी गाडीचं इंजिन उघडं होतं. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप बाहेर. बोल्ट ताटात मांडलेले. ताट कुणीतरी वर घरात आणून ठेवलं.

सुतक फिटलं आणि आईने घर धुऊन काढलं. रडत रडत घरातलं प्रत्येक भांडं घासलं. ते ताटही. बोल्ट साबणाने धुतले, पुसले आणि एका बरणीत भरून ठेवले.

मला हे कितीतरी महिन्यांनी कळलं. गाडीकडे बघायची माझी हिंमतच नव्हती. नातेवाईक सांगत होते, भंगारात देऊन मोकळा हो. आरटीओच्या पासिंगची मुदतही जवळ येत होती. पासिंग नाही म्हणजे गाडी रस्त्यावर नाही. म्हणजे शेवटी भंगारच.

मग एक दिवस इम्तियाज घरी आला. पनवेलमध्ये त्याचं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे, त्याआधी बरीच वर्षं कुवेतला होता. मनीषा त्याची सगळ्यात डोकं खाणारी आणि सगळ्यात लाडकी गिऱ्हाईक.

"भाई, भाबीचं काम अधुरं नाय ठेवायचं. मी आहे ना."

मी बरणी पुढे केली. त्याने कपाळाला हात लावला.
"या अल्ला! सगळे मिक्स?"

प्रत्येक बोल्टची लांबी थोडी वेगळी. लांब बोल्ट आखूड भोकात आवळला की इंजिनाचं कव्हर तडकणार. आणि ते कव्हर आता कुठेच मिळत नाही.

आई दारात उभी होती. "मीच केलं हे," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

बाहेर आली ती ताट घेऊन. खाली बसली, बरणी उपडी केली आणि एकेक बोल्ट बोटांत फिरवत पान वाढायला लागली. मीठ. लिंबू. चटणीला दोन.

"कोशिंबिरीला हा नव्हे. तिथला जरा उंच होता."



इम्तियाजने भोकाभोकात काडी घालून मापं घेतली. दोन सोडून सगळे बरोबर! ते दोन त्याने आपसात बदलले.

"अम्मा, उद्यापासून दुकानावर या तुम्ही."
"मी काय येते? वाढायला तिने घेतलं होतं. मी नुसती बघत होते."

बेल्ट बसला, पंप बसला. मी स्वतः बोल्ट आवळले, इम्तियाजच्या शिव्या खात. गाडी सुरू झाली तेव्हा पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर रडलो. लाज वाटली नाही.

परवा पासिंगला नेली. आई शेजारच्या सीटवर, मांडीवर पर्स घेऊन ताठ बसलेली.

इन्स्पेक्टर वाकून बराच वेळ गाडीखाली बघत होते. मग म्हणाले, "कुठल्या गॅरेजचं काम आहे?"
"घरचं. माझ्या मिसेसनी केलंय."
"काय ठेवलीये गाडी! त्यांना आणायचं होतं ना. भेटलो असतो."



आईने काच खाली केली.
"माझी सून होती ती," म्हणाली. "गेली. पण काम तिचंच आहे. नीट बघून घ्या."

त्यांनी नीट बघितलं.

मनीषा, गाडी पास झाली गं.
आता निवांत हो.