अक्कानं दिलेली घोडी

अक्का गेल्याचं मला लोंढ्याला कळलं. तांदूळ घेऊन स्टेशनवर आलेला आमच्या गावचा माणूस मुलाच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, अक्का गेली. परवा." मुलगा रेल्वेत, त्याच्या बायकोच्या बाळंतपणाला मी गेले होते. निघताना अक्का अंथरुणावरूनच म्हणाली होती, "जा गं. मी कुठं जातेय?" कुंभारवाड्याला पोचले तेव्हा घर सारवूनसुद्धा झालं होतं. झोपेतच गेली, कुणाची वाट बघत बसली नाही, असं शेजारणी म्हणाल्या. मला बरं वाटावं म्हणूनही म्हणाल्या असतील... त्याला आता महिना होत आला.

अक्का माझी थोरली नणंद. लहानपणीच नवरा गेला आणि ती माहेरी परतली. आईबापांमागं धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिनंच वाढवलं. तट्टांवरून तांदूळ घाटाखाली न्यायचा आणि मीठ वर आणायचं, हा घरचा धंदा. त्या तट्टांतली तांबडी घोडी अक्काची. मी खानापूरच्या बाजारपेठेत वाढलेली, घोडं लांबूनच बघितलेलं. लग्नानंतरच्या पहिल्या सुगीत, भात कापून झाल्यावर, तिनं मला रिकाम्या शेतात नेलं. घोडीवर काहीच घातलेलं नव्हतं. खोगीर ओझ्यासाठी, माणसानं उघड्या पाठीवर बसायचं, असा या घरचा रिवाज. "कासोटा घट्ट खोच, आयाळ धर आन् चढ," ती म्हणाली. मी या अंगानं चढायची आणि त्या अंगानं घसरायची. धसकटांनी पोटऱ्या सोलून निघाल्या. अक्का कधी हसली नाही.

"मांड्या आवळू नको. तू भ्यालीस असं तिला वाटतंय."

"भ्यालेच हाय की."

"मग तिला सांगू नको."

बांधावर बायका जमायच्या. रांडमुंड बाई घरच्या सुनेला बिघडवते, असं एक जण ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. अक्कानं घोडीचा कान खाजवत उत्तर दिलं, "नवरा घरात न्हाई आन् नड आली, तर तिनं कुणाच्या पाया पडायचं?" मग एका सकाळी लुगड्यातून पाठीची ऊब लागली आणि घोडीचं पुढचं पाऊल कुठं पडणार ते मला आधीच कळलं. ती पळाली, मी पडले नाही. मागून अक्का पळत येत होती, तोंडाला पदर लावून.

मुलगा चालायला लागला त्या वर्षी मिठाचा धंदा बसला आणि हे नंदिगड्ड्याच्या पलीकडं लाकूडतोडीला जाऊ लागले. एका सकाळी तिकडून निरोप आला. सागाचा ओंडका उताराला सुटला होता आणि हे त्याखाली सापडले होते. घरात तेव्हा तट्टू उरलं होतं ते एकच, ही घोडी. चढाची वाट, दोघींना घेऊन ती गेली नसती. अक्कानं तिला सोडून आणलं. मला वाटलं, ती स्वतःच बसणार. ती माझ्याहून कितीतरी वेगानं जायची, रानातल्या आडवाटा तिच्या पायाखालच्या होत्या. मी तसं म्हणालेही. तिनं माझ्या कडेवरचं पोर काढून घेतलं. "बायको तू हाईस. तू जा. मी याला शेजारी ठेवून येते चालत."

मी पोचले तेव्हा यांना झाडाखाली घोंगडीवर निजवलं होतं. डोळे उघडे होते, पण दिसत नव्हतं. टापा ऐकल्या असणार. घोडी कुणाची ते त्यांना पावलावरून कळायचं. हात चाचपत म्हणाले, "अक्का, आलीस?" मी तो हात धरला आणि म्हटलं, "व्हय." आवाज माझा होता, त्यांनी ओळखला की नाही कुणास ठाऊक. हात मात्र सैल पडला, शांतपणे... थोड्या वेळानं सगळंच संपलं.

अक्का मला वाटेत भेटली, पाय रक्ताळलेले. माझ्या तोंडाकडं बघून तिला कळलं. मी तिथंच सांगितलं सगळं, त्यांनी कुणाला हाक मारली, मी काय उत्तर दिलं. ती वाटेवरच बसली. मग म्हणाली, "बरं केलंस. मी आले असंच वाटलं त्याला." त्यानंतर तो विषय तिनं काढला नाही. घोडीवरही ती पुन्हा बसली नाही. मी आग्रह केला की म्हणायची, "ती तुझी झाली आता." त्याच घोडीवरून मी शेतं बघितली, उळवीच्या जत्रेला गेले, आजारी पोराला वैद्याकडं नेलं. प्रत्येक खेपेला अक्का दारात उभी असायची आणि पाठीवर बसताना मला वाटायचं, ही जागा माझी नव्हे. तो शेवटचा हात तिचा होता. तो मला मिळाला, कारण तिनंच मला न पडता बसायला शिकवलं होतं. माझं काय चुकलं असं कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. तरी ते ओझं उतरत नाही.

घोडी मरूनही आता खूप वर्षं झाली. अक्का मात्र अंथरूण धरेपर्यंत रोज तिन्हीसांजेला मूठभर ओला चारा कापून रिकाम्या गव्हाणीत टाकायची. शेजारची कालवड येऊन तो खाऊन जायची आणि अक्का तिला हाकलत नसे. चार दिवसांपासून विळा मी घेतला आहे. माझ्या हातचं गवत ओबडधोबड कापलं जातं, पण कालवड येते. ती खाऊन होईपर्यंत मी तिथंच उभी असते.