शेठना गडी हवा होता

मिशीची डावी बाजू सुटली तेव्हा मी स्टेजवर नव्हते. खाली, पहिल्या रांगेसमोर, एका बाईंचा हात धरून नाचत होते. त्यांचं नाव विजयाक्का. त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती आणि मी त्यांच्या नवऱ्याने त्यांना दिलेली भेट होते.

आधी माझं काम सांगते. मी ड्रॅग किंग आहे. म्हणजे पुरुषाचं सोंग घेऊन स्टेजवर गाणारी बाई. बायकांचे पार्ट करणारे पुरुष आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांचं कुणाला नवल नाही. उलटं केलं की लोक दोनदा बघतात. मी एकाच माणसाची नक्कल करते. हिंदीत रॉक गाणारा मोठा गायक आहे. नाव लिहीत नाही, आमच्या धंद्यात त्याला 'साहेब' म्हणतात. खाली वळलेली जाड मिशी, काळं लेदर जॅकेट, माइकचा स्टँड तिरका धरून गाण्याची ढब. माझा आवाज लहानपणापासून खालच्या पट्टीतला. होटगीच्या शाळेत प्रार्थनेला बाई मला मुलांच्या रांगेत उभं करायच्या. तेव्हा घरी येऊन रडायचे. आता त्याच आवाजावर पोट भरतं.

तयारीला वेळ लागतो. छाती घट्ट बनियनने बांधून सपाट करायची. गालांच्या खाली गडद रंग लावून जबडा चौकोनी दाखवायचा. याला कॉन्टूरिंग म्हणतात. मिशी खऱ्या केसांची असते आणि ती स्पिरिट गमने चिकटवतात. नाटकवाले वापरतात तोच गोंद. पुण्याच्या पबमध्ये, एसीत, तो शो संपला तरी निघत नाही. सोलापूरच्या मे महिन्यात त्याची खात्री कोणी देऊ नये.

हे काम सागरने आणलं होतं. सागर माझा इव्हेंट मॅनेजर. विजयाक्कांचे यजमान म्हणजे शेठ, सोलापुरात टॉवेलच्या कारखान्याचे मालक. विजयाक्का साहेबांच्या जुन्या फॅन, कॉलेजात असल्यापासूनच्या. खरे साहेब कुठून येणार? म्हणून मी.

"शेठला माहिताय ना, मी बाई आहे ते?" मी विचारलं होतं.

"मॅडम, लुकअलाइक म्हणून सांगितलंय. सेम टू सेम दिसणारा. तुम्ही कशाला टेन्शन घेता?"

'दिसणारा' हा शब्द मला तेव्हाच खटकायला हवा होता.

दुपारच्या जेवणाचा कार्यक्रम होता. मंगल कार्यालय माणसांनी भरलेलं. पहिल्या रांगेत शेठचे वडील, पांढरं धोतर, हातात काठी. सगळे त्यांना अण्णा म्हणत होते. विजयाक्का त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसल्या होत्या. डोक्यावरचा पदर हलू नये म्हणून मान ताठ.

मी एन्ट्री घेतली. शिट्ट्या पडल्या. विजयाक्कांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. दुसऱ्या गाण्याला मी खाली उतरून त्यांच्यासमोर हात पुढे करायचा, असं ठरलं होतं. शेठनीच सुचवलं होतं ते. मी हात पुढे केला. त्यांनी आधी अण्णांकडे पाहिलं, मग आपला हात माझ्या हातात दिला, आणि क्षणभर थांबल्या. माझा पंजा लहान आहे. तो कोणत्याही मेकअपने मोठा होत नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग उठल्या.

आणि नाचल्या. लाजत, हसत, मग लाजही सोडून. पदर कमरेला खोचला. एका वळणावर माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "भिऊ नको. मला कळलंय. तू गात राहा."

इतके शो केलेत, पण असं मला कोणी म्हटलं नव्हतं. मी गात राहिले.

तेवढ्यात कार्यालयातला एसी बंद पडला. घाम ओठावर आला आणि मिशी डावीकडून लोंबायला लागली. मी जिभेने ती वर ढकलायचा प्रयत्न केला. गाताना ते जमत नाही. पुढच्या ओळीला ती माझ्या हातात आली.

"अगं बाई, ही बाईमाणूस हाय की!" शेठची बहीण ओरडली.

आधी एक जण हसला, मग सगळं कार्यालय. शेठनी स्टेजवर चढून ट्रॅक बंद करायला लावला आणि खाली येऊन माझ्या हातातला माइक काढून घेतला. माइक चालू होता, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

"काय ओ सागर, मी गडी सांगिटला हुता. तुमी बाईला मिशी लावून आणलाव? माझ्या पाव्हण्यांपुढं?"

"शेठ, कॉन्सेप्ट असतो हा. ड्रॅग म्हणतात त्याला."

"बंद करा सगळं. तुमी आत जावा ओ मॅडम."

मी जाणार तोच विजयाक्का बोलल्या. मोठ्याने नाही, पण शेठच्या हातातला माइक जवळच होता. "गडी असता तर मी नाचले असते व्हय? अण्णांसमोर? तुमाला चाललं असतं?"

आता लोक शेठना हसले. अण्णांनी काठी टेकली आणि ते उठून जेवायच्या हॉलकडे चालू लागले. शेठ मान खाली घालून त्यांच्या मागे गेले. विजयाक्कांनी पदर कमरेतून काढून पुन्हा डोक्यावर घेतला आणि खुर्चीत बसल्या. मी मधोमध उभी, मुठीत मिशी. अंगावर लेदर जॅकेट असून मला उघडं पडल्यासारखं वाटत होतं. एका माणसाने हौसेने केलेल्या समारंभाचं मी हसं केलं होतं, आणि पळायला जागा नव्हती.

माझी ग्रीनरूम म्हणजे कार्यालयाची कोठीची खोली. तांदळाची पोती, तेलाचे डबे. मी चेहऱ्यावर खोबरेल चोळून सगळं पुसून टाकलं. घाईघाईत ओठावरची कातडीही सोलली. जॅकेट काढून कुडता घातला. सागर दारातून म्हणाला, "इथंच जेवा, बाहेर नको." ताट पोत्यावर ठेवून गेला. बासुंदी होती. मी ताट बाजूला सरकवलं.

मग दार लोटून विजयाक्का आल्या. एकट्याच. डोळे लाल, पण चेहरा हसरा. मला बघितल्यावर ते हसू गेलं.

"पुसलीस व्हय?" त्या म्हणाल्या.

"हो. आता संपलंच ना."

"मला वाटलं, अजून तसाच असशील. एक फोटो काढणार हुते. हितंच, कुणाला न दाखवता."

मी ओठाकडे बोट केलं. सोललेल्या जागी गोंद लावता येत नाही, आग होते. म्हटलं, "आता नाही लागायची अक्का. तशीच काढू का फोटो?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेलकट तोंड, चपटे केस, फिक्या रंगाचा कुडता. नजर बाजूला घेऊन म्हणाल्या, "नको. राहू दे." दाराशी थांबून मागे न वळताच म्हणाल्या, "आवाज लई चांगलाय तुझा."

बाहेर पाचशे लोक हसले, त्याची लाज मी आठवड्याभरात पचवली. ही पचली नाही. बाई आहे हे कळूनही त्यांनी मला साहेब मानलं होतं. पोत्यांमध्ये त्यांना भेटलेली मी मात्र शेठ म्हणाले तीच निघाले, मिशी लावून आणलेली बाई.

विजयाक्कांची पुन्हा भेट नाही. फोटोग्राफरने नाचाचे फोटो शेठच्या सांगण्यावरून पुसले, असं सागरने सांगितलं. सागरबरोबरचं माझं कामही नंतर फार टिकलं नाही.

आता कोणतंही काम घेण्याआधी मी क्लायंटला स्वतः भेटते. साडी नेसून जाते. समोर बसून सांगते की तुमच्या कार्यक्रमात साहेब म्हणून येणार ती मीच. निम्मे लोक चहा संपायच्या आत नाही म्हणतात. त्यांचं मला वाईट वाटत नाही. नकार ऐकायचाच असेल तर तो माइक बंद असताना ऐकलेला बरा.