खाडीचं पाणी मोजताना

आमच्या गावातली काही हौशी मंडळी खाडीच्या पाण्यावर लक्ष ठेवून असतात. धक्क्यावरून दोरीनं सेन्सर पाण्यात सोडायचा आणि मोबाइलवर उमटलेले आकडे गटाला पाठवायचे. हे काम माझे यजमान करत. ते गेल्यावर गटातल्या मेघनानं भीतभीत विचारलं, "काकू, तुम्ही जाल का?" मी हो म्हटलं. नाही म्हणायलाही आतून काही वाटावं लागतं.

त्या सकाळी खाडी रोजच्यासारखीच दिसत होती, संथ आणि निळसर. पण पाण्यातला प्राणवायू फारच कमी दाखवत होता. पुन्हा मोजलं, तरी तेच. मेघनाला फोन केला. ती म्हणाली, "वरून काही कळत नाही, काकू. पण खाली माशांना श्वास घेणं जड जात असणार."

मी पाण्याकडे बघत राहिले. तेराव्याला आलेली माणसं म्हणत होती, किती छान सावरलात तुम्ही! मी त्यांना चहा विचारत होते, खुर्च्या सरकवत होते. त्यांना तेवढंच दिसत असणार.

जवळच ओळखीची पार्वती कोळीण जाळं झाडत बसली होती. तिनं विचारलं, "वहिनी, पाणी कसं आहे आज?"

"बरं नाही."

"आणि तुम्ही?"

"मीही नाही," मी म्हणाले.

हे गेल्यापासून मी असं पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. तरी रडू आलं नाही. जाळं बाजूला सारून पार्वतीनं मला बसायला जागा केली.