दोन पाण्यांतली अंडी

ही गोष्ट दोन हजार तीन-चारच्या सुमाराची. लग्नानंतरचा माझा तिसरा पावसाळा होता आणि मला पाचवा महिना लागला होता. गोंदियाच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवायची. सासर मुर्रीच्या पुढच्या एका गावात, तिथून रोज मोपेडवर जाणं-येणं. नवऱ्यानं गावतलावाच्या काठाशी मत्स्यबीजाचं लहानसं केंद्र टाकलं होतं. रोहूच्या पोटुशा माद्या आणि नर निवडायचे, त्यांना इंजेक्शन द्यायचं, आणि तलावात चार बांबूंना बांधलेल्या हाप्यात सोडायचं. हापा म्हणजे मच्छरदाणी उलटी टांगावी तशी कापडी पेटी. सकाळी त्यात अंडी दिसायची. फळलेलं अंडं काचेच्या मण्यासारखं पारदर्शक असतं, आत जीव वळवळताना नुसत्या डोळ्यांनी दिसतो. न फळलेलं पांढरं पडतं.

त्या वर्षी हापा उघडला तर सगळा साबुदाणा भिजत घातल्यासारखा दिसला.

"इंजेक्शनच खराब निंगलं असन," नवरा म्हणाला. त्यानं दुसरी बाटली आणली, दुसरी जोडी घेतली. पुन्हा तेच. थोडी अंडी फुटली, जिरे बाहेर आले. मासळीच्या नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना आमच्याकडे जिरे म्हणतात, दिसतातही तशीच. पण ही सरळ पोहत नव्हती. एकाच जागी गोल गोल फिरत होती. मी वाटीत थोडी घेऊन उजेडात धरली. कितीतरी पिल्लांच्या पाठी मधोमध वाकलेल्या होत्या आणि छातीखाली पाण्याचा फुगा आला होता.

मी वाटी खाली ठेवली. पोटावर हात कधी गेला, मला कळलं नाही. नवऱ्याला कळलं.

"तू काऊन घाबरून राहिली? मासळी आहे ते."

"घाबरले नाही," मी म्हटलं. ते खोटं होतं.

कॉलेजात आमचे विभागप्रमुख होते. मी त्यांची विद्यार्थिनीही होते, त्यामुळे सर म्हणूनच त्यांच्याशी बोलायची. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ती पिल्लं बराच वेळ पाहिली.

"पाणी तापलं तरी असं होतं," शेवटी ते म्हणाले. "एकाच घराण्यातल्या नर-माद्या वर्षानुवर्षं वापरल्या तरी होतं. आधी ते वेगळं काढ. नवेगाव बांधच्या तलावातून नवी जोडी आण. तिची अंडी दोन टबांत वाट, अर्धी तुमच्या तलावाच्या पाण्यात, अर्धी आपल्या कॉलेजच्या बोअरच्या पाण्यात. आणि तुमच्या जुन्या मादीची अंडीही, नव्या नराकडून फळवून, तशीच दोन्हीकडे ठेव."

नवऱ्यानं नवेगावच्या कोळ्यांकडून जोडी आणली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही प्लास्टिकचे टब मांडले, हवेच्या नळ्या सोडल्या. माद्यांना इंजेक्शन तिथंच दिलं आणि पोट दाबून अंडी टबांतच काढली. त्या दिवसांत माझं शिकवण्यात लक्ष नव्हतं. तास संपला की मी टबांशी जाऊन उभी राहायची.

नवेगावच्या मादीची अंडी बोअरच्या पाण्यात छान फुटली. पिल्लं सुईसारखी सरळ. तलावाच्या पाण्यात त्याच मादीची बरीच अंडी मेली, जगलेल्यांत वाकडी निघाली. म्हणजे पाण्यातच काहीतरी होतं. इथवर मी मनाची तयारी केली होती.

पण चौथ्या टबाची नव्हती केली. तिथे आमच्या तलावातल्या जुन्या मादीची अंडी होती, स्वच्छ पाण्यात. त्या अंड्यांना बाहेर पडल्यापासून तलावाचं पाणी शिवलंही नव्हतं. तरी पिल्लं वाकडी होती.

"म्हणजे आईच्या पोटातूनच," मी म्हटलं.

सर म्हणाले, "हो. एक तर विष मादीच्या चरबीत साठून अंड्याच्या बलकात उतरलं असेल. किंवा गुणसूत्रंच तुटत असतील. रक्त पाहू."

मासळीच्या तांबड्या पेशीचं माणसासारखं नसतं, तिच्यात केंद्रक असतं. पेशी दुभंगताना गुणसूत्राचा तुकडा तुटून मागे राहिला, तर मोठ्या केंद्रकाच्या शेजारी एक लहान ठिपका दिसतो. मी हे वर्गात शिकवलं होतं, फळ्यावर खडूनं काढून दाखवलं होतं. आता काचेवर आमच्या मासळीच्या रक्ताचा थेंब पसरला, जांभळा रंग चढवला आणि डोळा लावला. नवेगावच्या मासळीच्या रक्तात असा ठिपका शोधावा लागत होता. आमच्या मासळीच्या रक्तात काच सरकवली की दिसत होता.

सर माझ्याकडे पाहत होते.

"तुम्ही प्यायला पाणी कुठलं घेता?"

आमची पिण्याची विहीर तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, लागूनच होती. तलाव भरला की विहीर भरायची. लग्न झाल्यापासून मी तेच पाणी पीत होते.

"आजपासून नको," सर म्हणाले. नंतर थोडं थांबून, "मासळी वेगळी, माणूस वेगळं. उगाच जीव टांगू नकोस." पण त्यांचा आवाज त्या शब्दांना साथ देत नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मी मोपेडच्या पुढ्यात कॅन ठेवून कॉलेजातून पाणी आणू लागले. सासूबाईंनी दोन दिवस पाहिलं आणि चुलीपुढून म्हणाल्या, "आमी याच पाण्यावर म्हाताऱ्या झालो. तीन लेकरं झाली मले. तुलेच काऊन बाधून राह्यलं?"

मी त्यांना अंड्यांचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "आता हे तुह्या भासऱ्याले कोण सांगन?"

भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. तलावात जे पाणी उतरायचं ते एका ओढ्यातून, आणि ओढ्याला लागून त्यांची बांधी, म्हणजे धानाचं शेत, होती. खोडकिडा आणि तुडतुड्यांसाठी त्या काळी गावात दवा मारायची ती एकावर एक, दोन-तीन मिसळून. मारून झालं की पंप, बादल्या, रिकाम्या बाटल्या, सगळं ओढ्यात धुवायचं. भासरेच नव्हे, सगळेच. पण सगळ्यांत वरचं शेत आमचं होतं.

आमच्याकडे भावसुनेनं भासऱ्यांशी थेट बोलायचं नाही. कॉलेजात मी मुलांसमोर तासभर बोलायची आणि घरी भासरे आले की पदर ओढून आत जायची. विहारात पौर्णिमेला सगळे एका चटईवर बसायचो, तिथंही आमच्या दोघांच्या मध्ये सासूबाई असायच्या. ती रीत मोडावी असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी नवऱ्यानं विषय काढला. भासरे ओसरीवर बसले होते, शेजारी सासूबाई, मी दाराआड.

"दवा नाही मारली त धान घरात येत नाही," ते म्हणाले. "बाकीचेही मारून राहिले. माह्यानंच मासळी मरते का? तिले सांग माय, पुस्तकातलं घरात आणू नको म्हणा."

मी दाराबाहेर आले. पदर डोक्यावर होता.

"भाऊजी, मारू नका असं मी म्हणत नाही," मी म्हटलं. "ओढ्यात धुऊ नका. ते तलावात येते, तलावातून विहिरीत, विहिरीतून माझ्या पोटात. उद्या सकाळी एकदा तलावावर या. नाही पटलं तर मी पुन्हा बोलणार नाही."

भासरे उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. रात्री नवरा माझ्याकडे पाठ करून झोपला. चिडला होता की घाबरला होता, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

सकाळी मी हाप्याशी उभी होते. ऊन वर आलं तरी कुणी नाही. मी मोपेडकडे वळले तेव्हा भासरे पाळीवरून येताना दिसले. माझ्याकडे न पाहता ते नवऱ्याला म्हणाले, "दाखव."

नवऱ्यानं स्टीलच्या वाटीत दोन्हीकडची पिल्लं दाखवली, कॉलेजातून आणलेली नवेगावची आणि आमची. भासरे उकिडवे बसले. वाटी हातात घेऊन तिरपी केली, पुन्हा सरळ केली. आमची पिल्लं तळाशी गिरक्या घेत होती. त्यांनी बोटानं एकाला सरळ करायचा प्रयत्न केला. ते पुन्हा वाकलं.

"हे मोठे झाले की सरळ होत नाही का?" त्यांनी विचारलं. विचारलं मलाच.

"नाही, भाऊजी."

त्यांनी वाटी खाली ठेवली आणि तसेच शेताकडे गेले.

दुपारी ते आणि नवरा मिळून बांधीच्या कोपऱ्यात, ओढ्यापासून लांब, खड्डा खोदत होते. पंप धुतलेलं पाणी त्यात ओतायचं ठरलं. बाकीच्या शेतकऱ्यांना भासऱ्यांनीच सांगितलं. काहींनी ऐकलं, काही हसले. आमच्या हाप्यातलं सगळं बीज नवऱ्यानं मातीत पुरलं. लोक बीज मागायला आले होते, नवऱ्यानं त्यांना हात जोडून परत पाठवलं. वाकडी मासळी दुसऱ्यांच्या तलावात सोडायची नाही, यावर आमचं एका शब्दातच जमलं.

माझं मात्र काही जमत नव्हतं. सोनोग्राफीला गेले तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना एकच विचारलं, पाठ कशी आहे. त्या म्हणाल्या, पाठीचा कणा व्यवस्थित दिसतो. मी विचारलं, आणि आतलं? त्या म्हणाल्या, "आतलं म्हणजे?" गुणसूत्रात काय तुटलं, काय जुळलं, हे त्या पडद्यावर दिसत नाही हे मला माहीत होतं. उरलेले महिने मी हसत-बोलत काढले आणि एकटी असले की पोटातली हालचाल ऐकत बसायची. थोडा वेळ हालचाल थांबली तरी कूस बदलून पाहायची.

मुलगी झाली. नर्सनं गुंडाळून दिली, तेव्हा सगळे तिचं तोंड पाहत होते. मी दुपटं सोडलं आणि मानेपासून खालपर्यंत तिच्या पाठीवरून बोट फिरवलं. मणके एकाखाली एक, सरळ रांगेत. ती गार हातानं दचकून रडली. मीही रडले. सासूबाई म्हणाल्या, "कायले रडून राहिली? चांगली धडधाकट पोरगी आहे." मुलगी खरंच धडधाकट होती, आजही आहे. ते पाणी तिच्यापर्यंत कधी पोचलंच नव्हतं, की पोचूनही काही झालं नाही, हे तपासायला तेव्हाचं काही उरलेलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात नवऱ्यानं बीजासाठी बोअर मारली आणि नवेगावहून नव्या माद्या आणल्या. जिरे बहुतेक सरळ निघाले. तलावातल्या मासळीचं रक्त मी दरवर्षी विद्यार्थ्यांबरोबर पाहत राहिले. ठिपके कमी होत गेले, पण पूर्ण गेले नाहीत. पाळीजवळची विहीर वापरातून गेली, काही वर्षांनी गावात नळ आला.

हल्ली आजूबाजूच्या गावांतून लोक कधीकधी बाटलीत पाणी आणि पिशवीत मासळी घेऊन येतात. मागे फुलचूरहून एक बाई आल्या. त्यांची सून गरोदर होती. त्यांनी विचारलं, "मॅडम, पाणी अच्छा आहे ना?" मी मासळीचं रक्त काचेवर घेतलं, पाहिलं आणि जेवढं दिसलं तेवढं सांगितलं. त्यापुढचं, सुनेच्या बाळाला काही होईल का, हे त्या विचारत राहिल्या; ते या काचेवर दिसत नाही म्हटलं आणि मी त्यांच्यासाठी चहा मांडला.