त्या कवितेत नसलेला आवाज

कोऱ्या सोलापुरी चादरीच्या खळीचा वास आला की मला माझा पीएचडीचा खुला व्हायवा आठवतो, कारण वडील यंत्रमागावरची सकाळपाळी करून तोच वास अंगावर घेऊन शेवटच्या बाकावर येऊन बसले होते. माझा विषय आजच्या कवितेची भाषा. दुःख, आठवण, आसवं असे शब्द सापडले नाहीत म्हणून मी प्रबंधात एक कविता चक्क भावनाशून्य ठरवली होती. तिच्यात विणकराच्या घरातली संध्याकाळ होती : कुकरची शिट्टी, नळाची धार, शेजारचा टीव्ही. परीक्षकांनी ती मोठ्यानं वाचली आणि विचारलं, "खरंच काही नाही हिच्यात?" शेवटच्या बाकावरून वडील म्हणाले, "समदे आवाज हायत की, सर. मागाचा तेवढा न्हाय. बंद पडलाय बगा त्यांचा माग. सांगवंना झालंय कवीला." सगळी खोली वळून त्यांच्याकडे बघत राहिली. परीक्षक मला एवढंच म्हणाले, "हे प्रकरण पुन्हा लिहा." मी लिहिलं. आता माझे विद्यार्थी तो प्रबंध चाळतात आणि संदर्भसूचीत, मोठमोठ्या भाषातज्ज्ञांच्याही वर असलेलं नाव बघून विचारतात, "मॅडम, यांचं पुस्तक कुठं मिळेल?" मी सांगते, "त्यांनी पुस्तक नाही लिहिलं. चादरी विणल्या."